मिनिटाला अठ्ठ्याऐंशी फेरे

महाराष्ट्र राज्य झालं त्याच साली, दिवाळीनंतर, तुळजापूरच्या अण्णांच्या घरात फोनो आला. अण्णा निजामाच्या अमदानीत पेशकार होते, पुढं नव्या राज्यातही त्याच कचेरीत राहिले आणि तिथूनच पेन्शनीत निघाले. उस्मानाबादेत ज्या तालुकदारसाहेबांच्या, म्हणजे तेव्हाच्या कलेक्टरांच्या, हाताखाली त्यांनी उमेदीची वर्षं काढली, त्यांचे चिरंजीव घर आवरून हैदराबादेला चालले होते. "वडिलांची आठवण म्हणून काय पाहिजे ते न्या," म्हणाले. अण्णांनी फोनो मागितला. पेटी आणि रेकॉर्डांचं खोकं यष्टीच्या टपावर घालून ते घरी आले, तेव्हा वरातीतल्या नवरदेवासारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

माजघरात सगळे जमले. मुलगा गोपाळकृष्ण तहसिलीत कारकून होता, त्यानं हँडल फिरवून चावी दिली. अण्णांनी सुई टेकवली, तर नुसतं खरखर. पुन्हा टेकवली, पुन्हा तेच. दारात उभी असलेली सून, सरोजिनी, न राहवून बोलून गेली, "सुई बोथट झालीय, अण्णा. दर बाजूला नवी सुई घालावी लागते."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"तुला कसं ठाऊक?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना सगळे माई म्हणत.

"बाबांकडं होता ना."

तिचे वडील, अंबादासराव, गुलबर्ग्याला मुलींच्या शाळेत गाण्याचे मास्तर. त्यांच्या घरी फोनो असण्यात नवल काहीच नव्हतं. सरोजिनीनं पदर खोचला, सुई बदलली, रेकॉर्ड फडक्यानं पुसली आणि कव्वाली घरभर घुमली. अण्णा म्हणाले, "वाकई! आता ही पेटी सूनबाईच्या ताब्यात. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

दोन दिवस उर्दूच चाललं. तिसऱ्या दिवशी अण्णांनी खोक्याच्या तळातून एक रेकॉर्ड काढली. दहा इंची, इतरांसारखीच. चष्मा वर करून ते वाचायला लागले. "अरे, ही मराठी निघाली. कुमारी मंजुळा. जगदंबेचं पद. देवीचंच पद, आणि ते तालुकदारसाहेबांकडं! लाव, सूनबाई, लाव."

सरोजिनीनं ती हातात घेतली आणि वरचं नाव पुन्हा वाचलं.

कुमारी मंजुळा म्हणजे तीच होती.

चौदा वर्षांपूर्वी हैदराबादेला एका हॉटेलात रेकॉर्ड कंपनीच्या लोकांनी मुक्काम ठोकला होता. अंबादासराव तेरा वर्षांच्या लेकीला घेऊन गेले. पद त्यांनीच रचलेलं, चालही त्यांचीच. कंपनीचा माणूस म्हणाला, सव्वातीन मिनिटांत आटपलं पाहिजे, दहा इंची तबकडीच्या एका बाजूला त्याहून जास्त मावत नाही. म्हणून बाबांनी एक अंतरा काढून टाकला. पुढं लग्नाला अडचण नको म्हणून नावही दुसरं घातलं. रेकॉर्ड निघाली, थोडी खपली आणि विसरली गेली. घरची एकुलती प्रत अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत ते काही महिन्यांसाठी गुलबर्गा सोडून सोलापूरला निघाले, तेव्हा टांग्यात वळकटीखाली फुटली.

त्यानंतर तीन वर्षांनी तुळजापूरचं स्थळ आलं. अण्णांच्या चुलत्यांच्या कानावर कुणकुण गेली होती. भर बैठकीत त्यांनी विचारलं, "मुलगी चारचौघांत गायलेली आहे म्हणतात. खरं का?" अंबादासरावांनी समोरच्या करंड्यातलं देवीचं कुंकू मुठीत धरलं आणि म्हणाले, "नाही. घरातल्या आरतीपलीकडं माझी मुलगी कधी गायलेली नाही." लग्न झालं. ते चुलते पुढं वारले. पण ती शपथ सगळ्यांच्या लक्षात होती. अण्णा व्याह्यांचं कौतुक करताना दर वेळी सांगत, "आमचे अंबादासराव, एकवचनी माणूस."

आता ती रेकॉर्ड तिच्या हातात होती आणि सगळे वाट पाहत होते.

फिरत्या थाळीच्या कडेला पेरभर लांबीचा एक खटका होता. एकीकडं सरकवला की थाळी संथ फिरे, दुसरीकडं सरकवला की जलद. चावी देता देता सरोजिनीनं अंगठ्यानं तो खटका पार टोकाला, जलदकडं, ढकलला. मग सुई टेकवली.

आवाज आला तो बारीक, चिवचिवता. पद भराभरा पुढं चाललेलं. तेरा वर्षांची मुलगी त्यात कुठं नव्हती. असली तर एखादी सात-आठ वर्षांची पोर होती. अंगणात भांडी घासणारी धुरपदाबाई दाराशी येऊन म्हणाली, "लई ग्वाड गाती की वो पोर!"

अण्णांनी कान पेटीकडं केला. रेकॉर्ड संपल्यावरही मान खाली घालून बसले. मग म्हणाले, "पुन्हा लाव."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला, देवापुढं समई लागली की, अण्णा पाटावर येऊन बसत. आधी एखादी कव्वाली, मग "आपली पोर". कव्वालीला सरोजिनी खटका जागच्या जागी ठेवी, नाहीतर अण्णांना फरक कळला असता. पोरीच्या वेळी ढकली आणि ती संपली की गुपचूप मागं आणी. एकदा गोपाळकृष्णानं हौसेनं हात पुढं केला, तर तिनं रेकॉर्ड त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. "तुमच्या हातनं सुई नीट बसत नाही," म्हणाली. तो हसला. माई म्हणाल्या, "हिचा जीव त्या पेटीत अडकलाय बाई."

अडकला होताच. भाजी निवडताना, मुलांना न्हाऊ घालताना तिचा कान माजघराकडं असे. कुणी पेटीचं झाकण उघडलं की हातातलं काम टाकून ती धावे. दुपारी जरा डोळा लागला तरी दचकून उठे.

वैशाखात तिच्या धाकट्या भावाचं लग्न गुलबर्ग्याला होतं. जायचं तर किमान आठवडा मोडणार. आठवडाभर अण्णा पदावाचून राहणार नव्हते. ती नसताना गोपाळकृष्ण रेकॉर्ड लावणार, खटका मधोमध असणार, आणि बाबांचं कुंकू खोटं ठरणार. तिनं युक्ती केली. फोनोचं हँडल काढून धान्याच्या कणगीमागं दडवलं. हँडल नाही तर चावी नाही, चावी नाही तर गाणं नाही. पण तासाभरात घर पालथं झालं आणि माईंचा संशय गेला धुरपदाबाईवर. "लोखंड दिसलं की नेलं असंल भंगारात." धुरपदाबाई अंगणात मटकन बसली. "माय, वीस वर्सं झाली या घरी. म्या कदी कुणाची सुई तरी उचलली का?" सरोजिनीला ते बघवेना. कणगीमागं हात घालून तिनंच हँडल "शोधून" काढलं.

मग तापाचं निमित्त करून ती भावाच्या लग्नाला गेलीच नाही.

लग्नाच्या दिवशी दुपारी घरात सामसूम होती. तिनं रेकॉर्ड खोक्यातून काढली आणि परसात धुण्याच्या दगडापाशी नेली. लाखेची वस्तू. नुसती हातातून सुटली तरी दहा तुकडे झाले असते. "पुसताना निसटली," म्हणायचं, अण्णा चार दिवस हळहळले असते आणि ती मोकळी झाली असती. उन्हात रेकॉर्डवरच्या बारीक रेघा चमकत होत्या. त्या हॉटेलातल्या खोलीत बाबा हार्मोनियम वाजवत होते, तबलजी खोकला दाबून बसला होता, आणि सम चुकली नाही म्हणून बाबांनी तिच्याकडं बघून मान डोलावली होती. ते सगळं त्या रेघांत होतं आणि दुसरीकडं कुठंच नव्हतं. तिनं पदरानं धूळ पुसली आणि रेकॉर्ड परत नेऊन ठेवली.

लेक लग्नाला आली नाही म्हणून ज्येष्ठात अंबादासराव स्वतःच तुळजापूरला आले. भावाच्या लग्नातले लाडू आणले, नातवंडांना जवळ घेतलं. लेकीचं तोंड उतरलेलं पाहून म्हणाले, "ताप अजून अंगात मुरलेला दिसतोय." बाबांना एकटं गाठून सगळं सांगायचं असं तिनं ठरवलं होतं. पण अण्णा व्याह्यांना क्षणभर सोडायला तयार नव्हते.

संध्याकाळ झाली. आदल्या आठवड्यात गोपाळकृष्णानं सोलापुराहून एक नवी रेकॉर्ड आणली होती. छोटी, बशीएवढी, वाकवली तर वाकणारी. ती लावली की गाणारा माणूस विंचू चावल्यासारखा ओरडत सुटे आणि मुलं लोळून हसत. त्यानं ती सासऱ्यांना दाखवली. "मामा, ही अशी का वाजते हो?"

अंबादासरावांनी ती तळहातावर तोलून बघितली. "ही सात इंची. ही मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांसाठी केलेली असते. तुमचं यंत्र फिरतं अठ्ठ्याहत्तर. माणूस जितक्या चालीवर भरला, तितक्याच चालीवर फिरवला तर तो माणूस. नाहीतर माकड होतं त्याचं. आणि ही जाड सुई हिला लावू नका, जावईबापू, घासून जाईल. हिची सुई निराळी, यंत्रही निराळं."

"आणि त्या मोठ्या निघाल्यात म्हणतात, त्या?" अण्णांनी विचारलं.

"बारा इंची. त्या तेहेतीस फेऱ्यांच्या. सावकाश फिरतात म्हणून एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावतात. आमच्या वेळी..." ते थांबले. "आमच्या वेळी सव्वातीन मिनिटं."

"म्हणजे चालीवर सगळं आहे म्हणा! मग आमची पोर ऐकाच तुम्ही. सूनबाई, लाव."

सरोजिनीनं बाबांकडं पाहिलं. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. अंगठा सवयीनं खटक्यावर गेला. सुई टेकली.

हार्मोनियमचे पहिले चार स्वर ऐकताच अंबादासरावांची मान वर झाली. स्वतःची चाल कोण ओळखणार नाही? पण ती अख्खा एक स्वर वर चढून, धापा टाकत पळत होती. ते मास्तर होते. तीस वर्षं पोरींच्या चुका धरण्यात गेलेली. विचार करण्याआधीच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पळतंय! हे पळतंय, अण्णासाहेब!"

मग त्यांचं लेकीकडं लक्ष गेलं. ती पेटीशी मान खाली घालून बसली होती. त्यांना सगळं कळलं. पण शब्द सुटून गेला होता.

"पळतंय म्हणजे?" अण्णा पुढं सरकले. "आत्ताच तर सांगितलंत. मोजता येतं का?"

"मोजतात... म्हणजे, कडेला कागदाचा कपटा चिकटवायचा आणि घड्याळ धरून मिनिटभर फेरे मोजायचे. पण असू द्या हो. छान वाजतंय."

"असं कसं! मोजाच. गोपाळ, कपटा आण."

कपटा आला, खळ लावून चिकटवला. सरोजिनीनं पुन्हा सुई टेकवली. खटका मागं ओढायची सोय नव्हती, सगळ्यांचे डोळे तिच्या हातांवर होते. अंबादासरावांनी खिशातलं घड्याळ काढलं आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागले. अण्णांना तो कपटा दिसत नव्हता, त्यांची नजर अधू झालेली. गोपाळकृष्ण मोजण्यात कच्चा, विसाच्या पुढं गोंधळला. आकडा फक्त एका माणसाला कळणार होता. अठ्ठ्याहत्तर म्हणा, बाबा, असं सरोजिनी मनात घोकत होती. एवढा एक शब्द म्हणा.

मिनिट भरलं. अंबादासरावांनी घड्याळ मिटलं. लेकीकडं बघितलं, मग अण्णांकडं.

"अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले.

"दहा जास्त! मग करा की बरोबर."

त्यांनीच हात पुढं केला, खटका सरकवला, पुन्हा मोजलं, केसभर मागं घेतला. आणि मग पद पहिल्यापासून लावलं.

खऱ्या चालीवर सरोजिनीनं ते तेरा वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं. मुलगी संथ गात होती. आवाज भरलेला होता, शब्द टेकून, ळ जरासा कानडी वळणाचा, अजूनही तिच्या बोलण्यात येणारा. मधल्या जागेवर ती क्षणभर थांबून मग समेवर येत होती. पळत्या चालीत ते थांबणं कधी कळलंच नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात माईंच्या हातातली पळी तशीच राहिली. गोपाळकृष्ण बायकोकडं बघत होता, नजर न काढता. अंबादासरावांचे डोळे मिटलेले होते.

पद संपलं. सुई आतल्या रेघांवर घासत राहिली. ती उचलायचं कुणालाच सुचलं नाही.

"ही ती नव्हे," अण्णा म्हणाले.

अंबादासरावांनी हात लांबवून सुई उचलली.

"तुमचं गणित बरोबर असंल, व्याहीबुवा. तुमच्या विद्येत मी काय बोलणार? पण ही कुणी मोठी मुलगी आहे. चांगली गाते. पण आमची पोर कुठं गेली?" त्यांनी पेटीवर हात ठेवला. "आमची चंद्रप्रभा अशीच गायची हो. बारीक, घाईघाईनं. मी मुरुमला मुक्कामी होतो, आठ दिवसांनी घरी आलो की देव्हाऱ्यापुढं उभी राहून सगळी पदं एका दमात म्हणून दाखवायची. आठव्या वर्षी देवी आल्या आणि गेली. मला निरोप पोचायच्या आत सगळं उरकलं होतं."

चंद्रप्रभेचं नाव सरोजिनीनं लग्न झाल्यापासून या घरात ऐकलं नव्हतं. तिला एक नणंद होती एवढंही तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. माई पळी घेऊन आत वळल्या.

अण्णांनी उपरण्यानं डोळे टिपले. "सूनबाई, पहिल्यासारखं कर."

सरोजिनीनं खटका पार टोकाला ढकलला आणि चावी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबादासराव परसात तोंड धूत होते. ती पाण्याचा तांब्या घेऊन गेली.

"बाबा, अठ्ठ्याहत्तर म्हणाला असतात तर?"

"एकदा बोललो ना खोटं. दहा वर्षं गिळतोय तेच. पुन्हा जीभ वळली नाही बघ." मग दबक्या आवाजात म्हणाले, "आज सांगून टाकतो त्यांना. पाय धरतो. काय व्हायचं ते होऊ दे."

"आणि मग ते काय ऐकतील?"

अंबादासरावांनी तांब्या खाली ठेवला. काल रात्रीपर्यंत तिला वाटत होतं की खरं सांगायचं दार बाबांच्या शपथेनं बंद आहे. आता त्याला चंद्रप्रभेची आणखी एक कडी लागली होती. ती शपथेपेक्षा जड होती.

यष्टी गाठायला ते निघाले, तेव्हा अण्णांना म्हणाले, "लेकीला महिनाभर माहेरी पाठवा. जीव सुकलाय तिचा."

"पाठवतो की! पण पेटी कोण लावणार, सांगा बरं? तिच्यासारखी ती कुणालाच लावता येत नाही," अण्णा हसून म्हणाले. त्यात कपट काडीचं नव्हतं. "श्रावण होऊ दे. मग बघू."

गोपाळकृष्णानं चार दिवस तो विषय काढला नाही. पाचव्या दिवशी कचेरीतून आल्यावर, टोपी खुंटीला अडकवत त्यानं विचारलं, "किती वर्षांची होतीस?"

"तेरा."

"मला ती संथवाली आवडली," तो म्हणाला. "पण अण्णांना कळू देऊ नकोस."

माईंनी तर एवढंही विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून दिवेलागणीला पद सुरू झालं की त्या गोठ्याकडं निघून जायच्या आणि संपल्यावरच परत यायच्या. एकदा सरोजिनी मागोमाग गेली. माई गाईच्या अंगावर हात ठेवून उभ्या होत्या. "ह्यांना तिचा आवाज आठवतो," त्या म्हणाल्या. "मी तिच्या उशाशी होते. मला तिचं कण्हणं आठवतं. तू काही वाईट वाटून घेऊ नको, पोरी. त्यांचं म्हातारपण तेवढ्यावर चाललंय. लावत जा."

श्रावण गेला, भाद्रपद गेला. आश्विनात गुलबर्ग्याहून तार आली. अंबादासराव शाळेतून येताना रस्त्यातच कोसळले होते. सरोजिनी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अण्णांनी स्वतः निरोप धाडला, तेरावं होईपर्यंत राहा, घाई करू नको. ती राहिली. त्या दिवसांत कुणी बाबांच्या आठवणी सांगत, कुणी त्यांच्या चाली गुणगुणत. त्या पदाची आठवण मात्र कुणालाच नव्हती, आणि तिनंही ती काढली नाही.

ती परत आली तेव्हा ऊन उतरत होतं. अण्णा ओसरीवर काठी धरून बसले होते. पंधरा दिवसांत ते फारच वाळले होते. त्यांनी तिला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला. "मोठा माणूस गेला. एकवचनी." मग म्हणाले, "पेटीला कुणाला हात लावू दिला नाही मी. तू आल्याशिवाय नाही म्हटलं. पण आज नको वाटत असंल तर राहू दे, बाळ. उद्या लाव."

ते असं म्हणाले खरं, पण त्यांचे डोळे माजघराच्या दाराकडंच होते.

सरोजिनीनं पाय धुतले, मुलांना जवळ घेतलं, समई लावली. मग पेटीचं झाकण उघडलं आणि नवी सुई घातली. अण्णा भिंतीला हात देत देत येऊन पाटावर बसले. बाबांची चाल पळायला लागली. अण्णा डोळे मिटून हसले, आणि ती पेटीशेजारी बसून राहिली, सव्वातीन मिनिटांचं ते पद तीन मिनिटांच्या आत संपेपर्यंत.